पुलाची चिठ्ठी

“त्या बाई माझ्यामुळे गेल्या,” तेजल गांगुर्डेने खुर्चीत बसताच सांगून टाकलं आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली.

खासगी गुप्तहेराकडे येणारी माणसं सहसा याच्या उलट सांगतात. इंदिरा गायधनींच्या इंदिरानगरातल्या ऑफिसात आजवर आलेला प्रत्येक जण धुतल्या तांदळासारखा स्वच्छ होता. निदान स्वतःच्या मते. त्यामुळे इंदिराबाईंनी चष्मा नीट केला आणि त्यांचे दीर शेखर यांनी चहाचा कप खाली ठेवला. शेखर गायधनी हे निवृत्त गृहस्थ. वहिनींची गाडी चालवायची आणि त्यांच्या आधी चुकीच्या निष्कर्षाला पोचायचं, ही दोन कामं ते मन लावून करत.

“तसं काय बी नाय हो बाई,” तेजलचे वडील धोंडीराम म्हणाले. ते वणीहून सकाळच्या एसटीने आले होते. “पोरीला इचारलं, तू केलं का? तर म्हनती, केलं असंल. आता ‘असंल’वर कुनी सही करतं का?”

“कसली सही?”

सांगितलं ते तेजलनेच, आवाज जराही न बदलता. पाथर्डी फाट्याजवळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती टेस्टर होती. दुसऱ्यांनी केलेलं काम तपासणं हे तिचं काम. सुरगाणा तालुक्यात एक संस्था पेशंटसाठी जीप चालवते, तिच्या ड्रायव्हरांसाठी कंपनीने मोबाइल ॲप केलं होतं. पावसात ओढ्यांवरचे फरशी पूल पाण्याखाली जातात. एका ड्रायव्हरने ‘पूल बुडाला’ हे बटण दाबलं, की बाकी सगळ्या जीपच्या फोनवर तो पूल लाल दिसायला हवा.

“ड्रायव्हरने बटण दाबलं. त्याच्या फोनवर ‘कळवलं’ असं आलं. पण दुसऱ्या जीपला काहीच कळलं नाही. ती पेशंटला घेऊन पुलापर्यंत गेली, परत फिरली, लांबून आली. बाई वाटेतच गेल्या.”

“आणि यात तुझी चूक काय?”

“आमच्याकडे प्रत्येक कामाची एक चिठ्ठी असते. तपासून झालं, की मी तिच्यावर हिरवा ठिपका लावते आणि ती फळ्यावरच्या ‘झालं’ या रकान्यात नेते. पुलाच्या चिठ्ठीवर ठिपका होता. चिठ्ठी ‘झालं’मध्ये होती. म्हणजे मीच.”

“तपासल्याचं आठवतंय?”

“नाही. तेव्हा मी ताप अंगावर काढत होते. काय काय तपासलं ते आठवत नाही.”

दुसऱ्या दिवशी कंपनीची चौकशी समिती बसणार होती. निष्काळजीपणा आपलाच, अशी सही तेजलने करायची, आणि मग तो कागद पोलिसांकडे जायचा. सही करायला ती तयार होती. गुप्तहेर बघा, असं धोंडीरामांना सुचवलं होतं ते तेजलच्याच टीममधल्या ओवीने.

“तुला काय वाटतंय आत्ता?” इंदिराबाईंनी विचारलं.

तेजलने जरा विचार केला. “काहीच वाटत नाही,” ती म्हणाली.

इंदिराबाईंनी पर्स उचलली. “चला भावजी, गाडी काढा.”

*

कंपनीच्या साहेबांना निकालाची इतकी खात्री होती, की त्यांनी कुठेही फिरा, कुणालाही विचारा, अशी मुभा देऊन टाकली.

टीमची खोली स्वच्छ आणि थंड होती. माणसंही तशीच. कुणी रडत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. मेलेल्या बाईला तिथे ‘इन्सिडंट’ म्हणत. शेखररावांना वाईट वाटलं ते खोलीत शिरल्याबरोबर, आणि वाईट वाटलं की त्यांना बसावंसं वाटतं.

“सर, उभे राहा ना,” एक नीटस तरुण हसून म्हणाला. “रोजची ही मीटिंग उभ्यानेच करायची. बसलं की गप्पा लांबतात.”

हा सार्थक, टीमचा स्क्रम मास्टर. पदाच्या नावात मास्टर असला तरी आपण कुणाचे साहेब नाही, असं त्याने लगेच स्पष्ट केलं. “काय बनवायचं ते ओवी ठरवते. ती प्रॉडक्ट ओनर. गौरांग आणि त्याच्याबरोबरचे तिघे ते बनवतात. तेजल तपासायची. मी फक्त पद्धत पाळली जाते ना, ते बघतो. कुणाचं काम अडलं, तर ते मला सांगायचं.”

पद्धत तो खरोखरच पाळत होता. बोलताना भिंतीला टेकलेल्या एकाला त्याने सरळ उभं केलं. ओवी दोन वाक्यं जास्त बोलली, तिला थांबवलं. शेखरराव धसक्याने शाळकरी मुलासारखे ताठ झाले.

फळ्यावर तीन रकाने होते: ‘करायचं’, ‘चालू’ आणि ‘झालं’. दोन आठवड्यांच्या कामाला ही मंडळी स्प्रिंट म्हणत. स्प्रिंट संपली, की ‘झालं’मधल्या चिठ्ठ्या सार्थक काढून जुन्या चिठ्ठ्या जपायच्या डब्यात टाकायचा. बाजूच्या भिंतीवर प्रत्येक स्प्रिंटचा एक आलेख लावलेला होता. उरलेल्या कामाची रेघ वरून सुरू होऊन खाली यायची आणि प्रत्येक वेळी बरोब्बर तळाला टेकायची.

“एकही चिठ्ठी कधी मागे राहिली नाही?” शेखररावांनी कौतुकाने विचारलं. “आमच्या ऑफिसात तर फायली आमच्याबरोबरच रिटायर झाल्या.”

“एकही नाही,” सार्थक म्हणाला. “दुसऱ्या टीमचे लोक बघायला येतात.”

त्याच दिवशी नवीन स्प्रिंटचं नियोजन होतं. सगळे टेबलाभोवती बसले. या मीटिंगला बसण्याची परवानगी होती. काम करणाऱ्या चौघांना सार्थकने आकडे छापलेले पत्ते वाटले.

“काम जितकं मोठं तितका मोठा आकडा,” तो पाहुण्यांना म्हणाला. “पत्ता पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उलटायचा, म्हणजे कुणी कुणाचं बघून टाकत नाही. मग सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा टाकणाऱ्याने कारण सांगायचं. दोघांपैकी एकाला काहीतरी माहीत असतं, जे बाकीच्यांना माहीत नसतं. ते बाहेर काढायचं, त्यासाठीच हा खेळ.”

पहिलं काम होतं ॲपमधली अक्षरं मोठी करण्याचं. एकाने एक टाकला, एकाने पाच. सार्थकने दोघांना बोलतं केलं. अक्षरांवर एवढं बोलता येतं हे शेखररावांना नवीन होतं. त्यांनी जांभई गिळली.

मग ओवीने खाली बघत वाचलं, “पुलाच्या नोंदीतली दुरुस्ती.”

पत्ते उलटले. दोन, दोन, तीन. गौरांगचा तेरा.

गौरांग स्वतःच्या पत्त्याकडे बघत राहिला.

“तीन धरू,” सार्थक म्हणाला आणि त्याने पत्ते गोळा केले. “ओवी, पुढचं?”

पुढच्या कामावर भरपूर चर्चा झाली. तेवढ्यात चहा आला. चहा मात्र चांगला होता.

*

इंदिराबाईंनी आधी ओवीला बाजूला घेतलं. ती कॉरिडॉरमध्ये हातातला रुमाल उगाच घडी करत, उलगडत उभी राहिली.

“तेजलने न तपासता ठिपका लावला असेल, हे मला पटतच नाही,” ती म्हणाली. “ती कायम दोन्ही हातांत दोन फोन घेऊन फिरायची. एकावर दाबायचं, दुसऱ्यावर बघायचं. आम्ही चिडवायचो, तुझं लग्नही दोन फोनवर तपासून ठरव म्हणून.”

“स्प्रिंटच्या शेवटी संस्थेच्या लोकांना काम करून दाखवलंत, तेव्हाही दोन फोन होते?”

“डेमोत? नाही, एकच होता, मोठ्या पडद्याला जोडलेला. गौरांगने बटण दाबलं आणि पूल लाल झाला. मी टाळ्या वाजवल्या.” रुमाल पुन्हा उलगडला गेला. “तेजल त्या दिवशी तापाने घरी होती.”

“एखादं काम अर्धवट राहिलं तर?”

“ती चिठ्ठी माझ्याकडे परत येते. ते पुढे कधी घ्यायचं, हे मी ठरवते. पुलाची चिठ्ठी माझ्याकडे आलीच नाही. म्हणजे झालंच होतं ना ते?”

गौरांग जिन्यात बसलेला सापडला. प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊन मोकळं व्हायचं, ही त्याची रीत.

“पुलाचं काम तुझं होतं?”

“हो. जे काय होतं ते सांगितलं होतं. मग नवीन स्प्रिंटला चिठ्ठी फळ्यावर दिसली नाही.”

“विचारलं नाहीस?”

“फळ्यावर नाही त्याचं कुणी विचारत नाही. पुढे काय घ्यायचं ते ओवी ठरवते. तेजलला दोष देऊ नका. मी केलेलं बघून कुणीही फसलं असतं.”

“तिला सांगितलंस हे?”

“काय तोंडाने सांगू?” असं म्हणून तो उठून गेला.

सार्थकने मात्र दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. “आमच्या पद्धतीत आम्ही कुणाला दोष देत नाही,” तो म्हणाला. “चूक पद्धतीची असते, माणसाची नाही. पण समितीने विचारलं, तेव्हा मला हिरवा ठिपका दाखवावाच लागला. ठिपके तेजलच्या टेबलावरच असतात.”

“उघड्यावर?”

“हो. चोरायला काय आहे त्यात?”

“आणि गौरांगचं काम पूर्ण होतं?”

“चिठ्ठी ‘झालं’मध्ये असेल तर काम पूर्ण,” सार्थक म्हणाला. “तीच तर आमची व्याख्या आहे.”

*

“गौरांग!” गाडी वळवता वळवता शेखररावांनी निकाल दिला. “वहिनी, दुसरं कोण असणार? सगळे म्हणतायत लहान दुरुस्ती आहे, आणि हा तेरा टाकतो. कारण याला माहीत आहे, की आतून सगळंच पोकळ आहे. स्वतःचं काम झाकायला यानेच ठिपका डकवला. चोराच्या मनात चांदणं!”

“पहिलं अर्धं बरोबर आहे भावजी.”

शेखरराव इतके खूश झाले, की त्यांनी सिग्नल तोडला. वहिनींकडून अर्धं बरोबर मिळणं हा त्यांच्या हिशेबी पहिला वर्ग होता.

“आणि दुसरं अर्धं?”

“ज्याला झाकायचंय, तो तेरा कशाला टाकेल? बाकीच्यांसारखा दोन टाकून गप्प बसेल.” इंदिराबाईंनी खिडकीची काच वर घेतली. “उद्या सकाळी समितीच्या आधी सगळ्यांना एका खोलीत बोलवायला सांगा. तेजललाही.”

*

खोलीत साहेब होते, टीम होती, आणि दाराजवळ धोंडीराम आणि तेजल. तेजल परक्याच्या लग्नाला आल्यासारखी बसली होती. सहीचा कागद तिच्यासमोर ठेवलेला होता. बाहेर पाऊस संथपणे चालू होता.

“मी फार बोलणार नाही,” इंदिराबाई म्हणाल्या. “मी एकच प्रश्न विचारणार आहे. तो काल इथे विचारायचा राहिला. गौरांग, पुलाच्या दुरुस्तीला तू तेरा का टाकलास?”

गौरांगने सार्थककडे पाहिलं. मग तेजलकडे.

“कारण दुरुस्त करायला तिथे काही नाहीच,” तो म्हणाला. “ते काम केलेलंच नाही. डेमोपुरता देखावा होता. ज्या फोनवर दाबाल त्याच फोनवर पूल लाल होतो. दुसऱ्या जीपकडे काहीही जात नाही.”

साहेब खुर्चीत पुढे सरकले. “हे तू कुणाला सांगितलं होतंस?”

“डेमोच्या आधीच सार्थकला. काम अडलं की त्यालाच सांगायचं असतं. तो म्हणाला, आज नुसतं दिसू दे, बाकीचं पुढे बघू. मी चिठ्ठी ‘चालू’मध्येच ठेवली होती. नंतर ती फळ्यावर दिसली नाही, तेव्हा वाटलं ओवीने ते काम मागे ठेवलं. आणि त्या बाई गेल्यावर कळलं, की ठिपका होता. मला वाटलं, माझा देखावा बघून तेजल फसली.”

“ती फसली नसती,” इंदिराबाई म्हणाल्या. “ती दोन फोन घेऊन तपासते. एकावर दाबलं आणि दुसऱ्यावर काहीच झालं नाही, हे तापातसुद्धा दिसलं असतं. म्हणजे तिने हे काम तपासलेलंच नाही.”

“न तपासताच ठिपका लावला असेल,” सार्थक शांतपणे म्हणाला.

“समजा लावला. समजा चिठ्ठी तिनेच ‘झालं’मध्ये नेली. पण ‘झालं’मधल्या चिठ्ठ्या काढून डब्यात कोण टाकतं? तुम्ही. काम झालेलं नाही, हे गौरांगनंतर माहीत असलेले एकटे तुम्ही. ती चिठ्ठी हातात आल्यावर तुम्ही ती ओवीला परत द्यायला हवी होती. तुम्ही ती डब्यात टाकलीत आणि आलेखाची रेघ तळाला टेकवलीत. समितीने विचारलं, तेव्हा गौरांगचं नावही काढलं नाहीत. ठिपका दाखवलात.”

“मी पद्धतीप्रमाणे...”

“पद्धतीवरूनच कळलं हो मला. भिंतीला टेकणाऱ्याला तुम्ही सरळ करता. अक्षरं मोठी करायची, तर एक आणि पाच टाकणाऱ्यांना बोलायला लावता. मग समोर दोन आणि तेरा पडतात, आणि तुम्ही पत्ते गोळा करता! तेरा टाकणाऱ्याला असं काहीतरी माहीत असतं जे बाकीच्यांना नसतं, हे आम्हाला शिकवलंत तुम्हीच. तुम्ही विचारलं नाहीत, कारण उत्तर तुम्हाला आधीच माहीत होतं.”

“मला वाटलं, त्या मुलाला बोलायला लागू नये म्हणून यांनी दया केली,” शेखरराव पुटपुटले.

“दया असती तर समितीपुढे तेजलवरही केली असती.”

सार्थक भिंतीवरच्या आलेखांकडे बघत होता. तो बोलला तेव्हाही त्याच आवाजात, जसा रोज सकाळी बोलायचा.

“एकच चिठ्ठी राहिली होती. तेजल घरी होती, ठिपके टेबलावर होते. एक मीच लावला. वाटलं, पुढच्या स्प्रिंटमध्ये गौरांगकडून करून घेऊ. पाऊस लांब आहे. मग गौरांगला दुसरं काम लागलं. आणि चिठ्ठी फळ्यावर नव्हती. फळ्यावर नसलेलं मी...” तो अडखळला. “मी विसरून गेलो.”

यावर कुणी आरडाओरडा केला असता, तर बरं वाटलं असतं. साहेबांनी सहीचा कागद उचलून फाडला. धोंडीरामांनी हात जोडले, पण नक्की कुणाला जोडावेत ते त्यांना कळेना. “पोरी, ऐकलंस ना? तू नाय केलं. तुझा काय बी दोष नाय.”

तेजल मान हलवून हो म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

“म्हणजे ते काम अजूनही झालेलं नाही?” तिने गौरांगला विचारलं.

“नाही.”

“संस्थेला आपण काय कळवलंय?”

ओवीने ओठ ओले केले. “की एका पुलाची नोंद चुकली होती. बाकी सगळं नीट चालतंय.”

“मग आज कुणी बटण दाबलं, तरी फोन ‘कळवलं’ म्हणेल?”

“हो,” गौरांग म्हणाला. चिठ्ठी कुणी हलवली, हे इंदिराबाईंनी कालपासून शोधलं होतं. गौरांगच्या तेराचा अर्थ त्यांना काल संध्याकाळीच कळला होता. सुरगाण्यातल्या जीप आजही त्याच ॲपच्या भरवशावर चालतायत, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

तेजल उठली. तिने ओवीचा फोन घेतला आणि संस्थेचा ड्रायव्हर सावळीराम याचा नंबर लावला. फोन स्पीकरवर होता. पलीकडून आधी पावसाचाच आवाज आला.

“सावळीरामदादा, आज बटण दाबलंत का कुठे?”

“दाबला ना ताई, सकाळीच. मोठ्या ओढ्याचा पूल गेला पान्याखाली. कळवला म्हनं फोन.”

“त्याने कुणालाच कळवलेलं नाही. तो फोन खोटं सांगतो. दुसरी जीप कुठे आहे?”

“ती तर निघाली तिकडं. पेशंट हाय गाडीत.”

“तिला फोन लावा. आत्ता. लागला नाही तर परत परत लावा. मी इथून लावते.”

मग खोलीतला प्रत्येक जण फोन लावायला लागला. ओवीने टेबलावरच्या लँडलाइनवरून संस्थेचं ऑफिस लावलं, गौरांगने आणखी एका ड्रायव्हरचा नंबर, शेखररावांनी तर घाईत घरचाच. रेंज मिळत नव्हती. तेजल टेबलापाशी उभी राहून त्या जीपचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होती.

बऱ्याच वेळाने तिच्याच हातातला फोन वाजला.

“लागला ताई,” सावळीराम म्हणाला. “थांबला तो अलीकडंच. वळवली गाडी, दुसऱ्या रस्त्यानं गेला.”

“कुणीही ते बटण दाबू नका,” तेजल म्हणाली. “एकमेकांना बोलून सांगा. सगळ्यांना सांगा.”

तिने फोन टेबलावर ठेवला आणि ती खाली फरशीवर बसली. मग तिला रडू आलं, मोठ्याने, इतके दिवस न आलेलं सगळं. धोंडीराम तिच्याशेजारी फतकल मारून बसले, त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला रडू दिलं.